पाचवीचं माप

धरणगावात दाणाबाजार संपतो तिथून डाव्या हाताला वळलं की अभिमन निकुंभाचं दुकान लागायचं. दुकान म्हणजे केवढं, तर आठ बाय दहाची खोली. त्यात दोन मशिनी, कापायचं टेबल, एक उभा आरसा, आणि कोपऱ्यात काज-बटणं करत बसलेली त्याची बायको केसरबाई. पाटीवर 'न्यू फॅशन लेडीज टेलर' असं रंगवलेलं होतं. त्यातलं 'न्यू' उन्हानं कधीच उडालं होतं आणि ते परत रंगवून घ्यावं असं दोघांनाही वाटलं नव्हतं.

कारागीर म्हणून अभिमन भाऊचा हात धरणारा पंचक्रोशीत नव्हता. मापाची वही त्यानं जन्मात ठेवली नाही. बाईचं एकदा माप घेतलं की ते त्याच्या हाताला पाठ व्हायचं, मग ती बाई चार वर्षांनी दोन लेकरं घेऊन आली तरी हा नुसती नजर टाकून किती वाढवायचं ते वाढवायचा आणि ब्लाउज चपखल बसायचा. पण असा मुखदुर्बळ माणूस, की विचारू नका. कुणी बाई "उद्या देशाल ना भाऊ?" म्हणाली की ह्याच्या तोंडून "परवा" निघायचंच नाही. उद्या म्हणून पाच जणींना कबूल करायचा आणि उद्या पाचही जणी एकदम दारात! मग हा मान खाली घालून मशीन चालवणार आणि केसरबाई त्याच्या वतीनं भांडणार. "तुम्हले जीभ शे का नही?" असं ती त्याला दिवसातून दहादा विचारायची, आणि त्यालाही हा काही उत्तर द्यायचा नाही.

जे तोंडातून निघत नव्हतं ते शाईतून निघायला लागलं. शहाऐंशी साली त्यानं शंभरपानी वहीत एक गंमतगोष्ट लिहिली आणि जळगावच्या एका साप्ताहिकाला पाठवून दिली. संपादकानं ती चक्क छापली, आणि पुढचा भाग मागितला. असे अठरा भाग झाले. गोष्ट होती बन्सी टेलरची. बन्सी बिनलग्नाचा. त्याच्या दुकानात पाच मुली येतात आणि पाचही जणींना वाटतं की हा आपल्यावरच जीव टाकतो. पहिली पाटलाची, ती रांगेत उभी राहत नाही, रांगच मागे सरकवते. दुसरी दवाखान्यातली नर्स, ती ह्याला उपाशी समजून रोज डबा आणते. तिसरी कॉलेजवाली, ती ह्याच्या पाटीवरच्या चुका काढते. चौथी भांडकुदळ, तिनं रागाच्या भरात ह्याची कात्री विहिरीत टाकलेली. आणि पाचवी काहीच बोलत नाही. येते, बाकावर बसते, सुयांत दोरे ओवून ठेवते आणि जाते. बन्सी बिचारा पाचही जणींना टरकून असतो. एका भागात आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, आदल्या दिवशी पाचही जणींना एकाच वेळी ब्लाउज हवे असतात आणि बन्सी कापायच्या टेबलाखाली चिंध्यांत लपून बसतो. तो अंक बसस्टँडवर लोक मोठ्यानं वाचत होते आणि ऐकणारे मांड्यांवर थापा मारत होते.

शेवट मात्र त्यानं केला नाही. बन्सीनं कुणाला निवडलं ते अठराव्या भागातही कळलं नाही. संपादकानं दोनदा विचारलं, तर ह्यानं कार्ड टाकलं की ठरत नाही.

ठरणार कसं? त्यातल्या चौघी त्यानं दहा गिऱ्हाइकांचे दहा तुकडे जोडून बनवल्या होत्या. पाचवी तेवढी अख्खी होती. तिचं नाव लिला. मागच्या गल्लीतल्या सुपडू मिस्त्रीची मुलगी.

लिला अकरा वर्षांची असताना आखाजीच्या झोक्यावरून पडली आणि तिचं डाव्या खांद्याचं हाड मोडलं. हाडवैद्यानं बांधलं ते वाकडंच जुळलं. डावा खांदा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली राहिला. मुलगी सतराची झाली तेव्हा आई तिला अभिमन भाऊकडे घेऊन आली, म्हणाली की हिच्या अंगात कुठलाच ब्लाउज राहत नाही, एकीकडून ओघळतोच. अभिमननं माप घेतलं. चार दिवसांनी ब्लाउज दिला. त्याच्या डाव्या खांद्यात, अस्तराच्या आत, त्यानं कापसाची दोन बोटं जाड गादी शिवली होती. लिलानं तो अंगात घातला, आरशासमोर उभी राहिली, एकदा वळली, दुसऱ्यांदा वळली, आणि हसली. ती हसली तेव्हा अभिमन भाऊच्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगा. त्यानं ते दोरा तोडायच्या निमित्तानं पुसलं. आई जाताना हळूच म्हणाली, "भाऊ, हाई गोट आठेच ऱ्हाऊ द्या. कोणले सांगू नका."

त्यानं सांगितली नाही. केसरबाईलासुद्धा नाही. गोष्टीत त्यानं पाचवीबद्दल अठरा भाग लिहिले, पण तिच्या खांद्याचा एक शब्द काढला नाही. दोन वर्षं लिला अधूनमधून दुकानात येऊन बसायची, सुयांत दोरे ओवायची, आणि मग तिचं लग्न ठरलं. वरणगावचा मुलगा, आधार, फॅक्टरीत कामाला. बघायला आले तेव्हा तिच्या अंगात अभिमन भाऊनं शिवलेला ब्लाउज होता. कुणाला काही दिसलं नाही. नवऱ्याला पुढं कळलं असणारच, पण भला माणूस, त्यानं ब्र काढला नाही. सासूला मात्र माहीत नव्हतं. सासू भागाबाई कडक बाई. सुनेच्या माहेरच्या माणसांनी आपल्याला फसवलं असं तिला नुसतं वाटलं तरी ती घर डोक्यावर घ्यायची. म्हणून लिला आपले सगळे ब्लाउज धरणगावातच शिवायची. दिवाळीला आणि आखाजीला माहेरी आली की कापडं घेऊन यायची. "तुमच्या शिंप्याच्या हाताला काय सोनं लागलंय का?" असं सासू विचारायची आणि लिला हसून वेळ मारून न्यायची. ह्या एका गोष्टीवर तिचा संसार सुखात चालला होता.

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात धनसिंग सरांच्या अंगात आलं. धनसिंग सर प्राथमिक शाळेत मास्तर आणि नाटकवेडे. आखाजीला काहीतरी करायचं म्हणून त्यांनी बन्सीची गोष्ट नाटकाला घेतली. अभिमन भाऊला विचारलं का? विचारलं म्हणजे काय, दुकानात येऊन सांगितलं. "अभिमन, तुझी गोष्ट बसवतोय. नाव ठेवलंय 'एक बन्सी, पाच राधा'. बायका कुठून आणायच्या, पुरुषच करतील. तुझी हरकत नाही ना?" आता ह्या माणसाच्या तोंडून कधी 'नाही' निघालंय? ह्यानं मान हलवली. मग सर म्हणाले, "आणि पाची जणांचे ब्लाउज तूच शिव. नाटक तुझं, ब्लाउज दुसऱ्यानं शिवले तर बरं दिसेल का?" ह्यानं परत मान हलवली.

तालमीला तो एकदाच गेला. गोष्टीतलं भांडण त्यांनी असं काही उभं केलं होतं की तो स्वतः लिहिणारा असून पोट धरून हसला. पण पाचवीपाशी सगळं अडायचं. पाचवीचं काम रुपचंदकडे होतं. रुपचंदची पिठाची गिरणी, माणूस भरदार, गावात नकला करण्यात त्याच्यासारखा दुसरा नाही. त्याला गप्प बसवलं तर तो करणार काय? चौघी आरडाओरडा करतात आणि हा बाकावर बसून सुईत दोरा ओवतो. "सर, माणसं उठून जातील," रुपचंद म्हणाला, "स्टेजवर गप्प बसलेला माणूस मेलेला दिसतो." सर म्हणाले, "तू बघ, ऐनवेळी काहीतरी सुचेल तुला. तुला कधी सुचलं नाही असं झालंय का?" अभिमन भाऊला सांगायचं होतं की पाचवीनं गप्पच बसायचंय, गोष्टच तिच्या गप्प बसण्याची आहे. ओठांपर्यंत आलं आणि तिथंच राहिलं. घरी येताना त्यानं स्वतःला मनातल्या मनात दोन शिव्या घातल्या.

आखाजीचे दिवस म्हणजे शिंप्याच्या जिवाला घोर. सगळ्या लेकी माहेरी आलेल्या, सगळ्यांना सण गाठायचा. त्यात नाटकाचे पाच ब्लाउज. चौघांची मापं त्यानं टेपनं घेतली. रुपचंदला गिरणीतून उसंत मिळेना. त्यानं निरोप पाठवला की भाऊ, तुमच्या अंदाजानं शिवा, छाती तेवढी मोठी ठेवा. अभिमन भाऊनं तो ब्लाउज सणाच्या सकाळी शिवायला घेतला, दारात सहा बायका उभ्या असताना. माप नव्हतं, तर हातानं आपलं आपण घेतलं. पाचवीचं माप त्याच्या हाताला एकच माहीत होतं. छाती मोठी केली, दंड सैल केले, बाह्या लावल्या. डाव्या खांद्याच्या अस्तरात कापूस केव्हा भरला, वरून टीप केव्हा मारली, हे त्याला कळलंसुद्धा नाही. तोंडानं तो दारातल्या बायकांना "झालं, झालं" म्हणत होता.

लिला दोन दिवस आधीच आली होती. कधी नव्हे ती सासूला सोबत घेऊन आली होती. दुकानात कापडं द्यायला आली तेव्हा केसरबाईनं विचारलं, "सासूबाई कशा काय उन्या व ह्या वक्ताले?" लिला म्हणाली, "मीच संगे लई उनी. म्हटलं, आम्हना गावमा नाटक शे, देखा तरी." आणि अभिमन भाऊकडे बघून इतकी खुशीत हसली की त्याला नवल वाटलं. नाटकाला सासूला घेऊन येण्याएवढं हिला काय पडलंय, हे काही त्याला उमगलं नाही.

नाटक चारला सुरू झालं. रात्रीच्या लाइटचा भरवसा नव्हता, म्हणून धनसिंग सरांनी दिवसाउजेडीच ठेवलं होतं. शाळेच्या पटांगणात मांडव, एका अंगाला पुरुष, एका अंगाला बाया. घरोघर पुरणपोळी आणि आमरस झालेला, लोक सुस्तावलेले, पण पडदा वर गेला आणि सुस्ती कुठल्या कुठं पळाली. पाटलाच्या पोरीनं रांग मागे सरकवली तेव्हा पुरुषांच्या अंगाहून आरोळी उठली. कात्री विहिरीत पडली तेव्हा आत कुणीतरी खरंच घागरीत दगड टाकला, आणि तो डुबुक आवाज इतका झकास जमला की टाळ्या पडल्या. अभिमन भाऊ चौथ्या रांगेत बसला होता. लोक वळून वळून त्याच्याकडे बघत होते, कुणी पाठीवर थाप मारत होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याची छाती फुगली. पलीकडे बायांमध्ये लिला बसलेली त्याला दिसत होती. गुलाबी लुगड्यात, सासूच्या शेजारी, पुढं झुकून, डोळे मोठे करून, पाचवी केव्हा येते याची वाट बघत असल्यासारखी.

पाचवी आली. रुपचंद बाकावर बसला, सुईत दोरा ओवू लागला. चौघी भांडत होत्या, त्यांचं भांडण संपलं, आणि एक क्षण सगळं शांत झालं. मागून कुणीतरी शीळ घातली. "अय रुप्या, झोपला का?" असा आवाज आला. रुपचंद अस्वस्थ झाला. त्यानं मान हलवली, खांदे उडवले, आणि तिथंच त्याला ते जाणवलं. डावा खांदा उंच लागत होता. त्यानं त्याच्याकडे बघितलं. परत उजव्याकडे बघितलं. लोक हसले. हसले म्हटल्यावर झालं! त्यानं गळ्यातून हात घातला, अस्तर टर्रकन फाडलं आणि कापसाची गादी बाहेर काढून सगळ्या गावाला दाखवली.

"अय बन्सी! हाई काय शे रे? मना खांदामा कापूस कोणी भरा?"

मांडव कोसळेल असा हशा झाला. बन्सीचं काम करणाऱ्याला काय बोलावं सुचेना, त्याचं बावळट तोंड बघून आणखी हशा. मग रुपचंदनं डावा खांदा पार खाली सोडला आणि तसाच ओघळलेल्या खांद्यानं, पदर सावरत, लाजत, मुरकत तो स्टेजच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला. "लगीन व्हयेपर्यंत झाकी ठेव रे बन्सी," तो म्हणाला, "सासूले कळनं तं माले परत धाडी दी!" आणि ती गादी त्यानं बाया बसल्या होत्या त्या बाजूला भिरकावून दिली.

अभिमन भाऊ हसत नव्हता. त्याला पहिल्यांदा कळलंच नाही की ती गादी तिथं आली कुठून. मग कळलं. मग त्यानं लिलाकडे बघितलं.

लिलाचा उजवा हात तिच्या डाव्या खांद्यावर गेला होता. तिनं मुद्दाम नेला नव्हता, तो आपसूकच गेला होता. उन्हाळ्यातलं लख्ख ऊन मांडवाच्या फटींतून खाली उतरलेलं, कुणापासून काही लपायला जागा नव्हती. शेजारच्या बाईनं तिच्याकडे बघितलं. तिच्या पलीकडच्या बाईनं बघितलं. मग भागाबाईनं बघितलं. भागाबाईनं सुनेचा हात बाजूला सारला, स्वतःची दोन बोटं तिच्या खांद्यावर ठेवली आणि दाबून बघितली. बाजारात भाजी दाबून बघतात तशी. कापूस दबला. भागाबाईनं बोटं काढून घेतली आणि ती परत स्टेजकडे बघत बसली. लोक "वन्समोर, वन्समोर" ओरडत होते आणि रुपचंद परत खांदा पाडून चालत होता.

अभिमन भाऊनं उठायला पाहिजे होतं. उठून काय करायचं होतं? बायांच्या बाजूला जाऊन सांगायचं होतं? नाटक बंद करा म्हणायचं होतं? तो बसून राहिला. देवा रे, ही अशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

भागाबाई संध्याकाळच्या पॅसेंजरनं वरणगावला निघून गेली. लिलाला ठेवून गेली. जाताना सुपडू मिस्त्रीच्या दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "मुलगी दाखवली एक आणि दिली एक. आता ठेवा तुमची तुमच्याकडे."

दुसऱ्या दिवशी सकाळी लिलाची आई दुकानात आली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती बाकावर बसली आणि म्हणाली, "भाऊ, आम्ही तुमच्याकडे एकच गोष्ट मागितली होती."

"मी कोणाला सांगितलं नाही, अक्का," अभिमन म्हणाला.

"मग ती गादी काय स्वतः चालत गेली?"

केसरबाई सुईदोरा हातात धरून दोघांकडे बघत राहिली. तिला त्या दिवशी पहिल्यांदा सगळं कळलं. लिलाची आई गेल्यावर ती कधी नव्हे ती हळू आवाजात म्हणाली, "वरणगावले जा. त्या बाईच्या पायावर डोकं ठेवा. सांगा, चूक मनी शे."

तो गेला. म्हणजे स्टेशनपर्यंत गेला. तिकीट काढलं, बाकावर बसला, आणि त्या घराच्या दारात उभं राहून काय बोलायचं ते मनात जुळवू लागला. 'बाई, तुमच्या सुनेचा खांदा मी झाकला.' हे परक्या पुरुषानं सांगायचं? सासू विचारेल, तुला हिच्या खांद्याचं एवढं का पडलं होतं? गल्ली गोळा होईल. फॅक्टरीतून आधार घरी येईल तेव्हा त्याच्या कानावर काय जाईल? आज फक्त खांदा वाकडा आहे, उद्या चालही वाकडी म्हणतील. आणि आपली गोष्ट छापलेली, सगळ्या जिल्ह्यात वाचलेली. शिंपी आणि पाचवी! गाडी आली, थांबली, गेली. तो बाकावरच होता. काही बोललं तर तिचं वाटोळं आणि गप्प बसलं तरी तिचं वाटोळं, असा तो पेच होता. तो घरी आला तेव्हा केसरबाईनं त्याच्या तोंडाकडे बघून ओळखलं आणि जेवायला वाढलं.

आठ दिवसांनी संपादकाचं पत्र आलं. नाटकाची कीर्ती जळगावपर्यंत पोचली होती. मूळ लेखकानंच नाटकाचे गुणदोष परखडपणे लिहून पाठवावेत, वाचकांना गंमत वाटेल, असं पत्रात होतं. अभिमन भाऊ दोन दिवस ते पत्र उशाखाली ठेवून झोपला. तिसऱ्या दिवशी त्यानं कापायच्या टेबलावर कागद पसरला.

त्यानं लिहिलं की नाटक गोष्टीपेक्षा धावतं झालं. ज्या भांडणाला त्याला दोन भाग लागले ते सरांनी पाच मिनिटांत संपवलं आणि ते जास्त रंगलं. पाटलाची पोर झकास. घागरीतला आवाज तर फारच झकास, तो गोष्टीत आणताच आला नसता. मग दोष लिहायला घेतले. पाच मुली पाच तऱ्हांच्या होत्या, स्टेजवर पाचही जणींचा एकच आवाज झाला. प्रत्येकीला हशा मिळवायची घाई. शेवटी बन्सीचं पाटलाच्या पोरीशी लग्न लावून दिलं, त्याला काही कारण नाही. आणि गोष्टीत जे माणूस नुसतं बसून राहतं त्याच्याकडे वाचणारा आपण होऊन जातो, स्टेजवर त्याला बसू देत नाहीत, त्याला काहीतरी करायला लावतात. इथवर लिहून तो थांबला. मग त्यानं खाली लिहिलं: 'सर्वांत मोठा दोष कपड्यांचा. पाचव्या मुलीचा ब्लाउज शिंप्यानं रुपचंद यांच्या अंगाचं माप न घेता शिवल्यामुळे त्यात नसती गादी राहिली. गोष्टीतल्या मुलीचे दोन्ही खांदे सारखेच होते. तिच्यात काहीही कमी नव्हतं. चूक संपूर्णपणे शिंप्याची आहे.'

हे छापून येईल, अंक वरणगावला जाईल, भागाबाईला कुणीतरी वाचून दाखवील, अशी त्याला वेडी आशा होती. अंक आला. गुण छापले होते, दोषांतले तीन छापले होते. कपड्यांचा परिच्छेद गाळला होता. संपादकानं सोबत चिठ्ठी पाठवली होती: 'शिवणकामाचा तपशील वाचकांना नीरस वाटेल म्हणून काढला. बाकी मजकूर फर्मास. पुढची गोष्ट केव्हा?'

धनसिंग सरांनी तो अंक शाळेत फळ्याशेजारी लावला. रुपचंदला त्याच्या गिरणीत लोक अजून खांदा पाडून दाखवायला सांगत होते. त्याला कशाचाच पत्ता नव्हता आणि त्याला जाऊन सांगायचं म्हणजे पुन्हा तेच, आणखी एका तोंडाला ते माहीत होणार. अभिमन भाऊ पीठ दळायला दुसऱ्या गिरणीत जायला लागला. ह्यापलीकडे त्याच्या हातात काही राहिलं नव्हतं.

आखाजीनंतर बरोबर तेविसाव्या दिवशी आधार आला. उंच, सावळा, सभ्य माणूस, फॅक्टरीच्या खाकी कपड्यांतच. हातात गाठोडं. त्याच्या मागं, दुकानाच्या पायरीपाशी, लिला उभी होती, पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतलेला.

आधारनं गाठोडं टेबलावर ठेवून सोडलं. नऊ ब्लाउज होते. सगळे अभिमन भाऊच्या हातचे.

"ह्यातला कापूस काढून द्या, भाऊ," तो म्हणाला. अभिमननं त्याच्याकडे बघितलं, तर आधारचीच नजर खाली गेली. "मायनं शपथ घातली. जशी आहे तशी घरात येऊ दे म्हणते, नाही तर येऊ देऊ नको म्हणते. मी बोललो, पुष्कळ बोललो. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, मला काय त्याचं? पण माय ऐकत नाही. मी काय करू?"

"घरी काढला असता तरी चाललं असतं," केसरबाई म्हणाली. तिला ते बघवत नव्हतं.

"फाटतील म्हणाली ही. म्हणे, ज्यांनी शिवले त्यांनाच उसवता येतील."

अभिमन भाऊनं ब्लेड घेतलं आणि बसला. एक एक टीप उचलून, अस्तर न फाटू देता, त्यानं नऊ ब्लाउज उसवले. पहिला ब्लाउज लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीचा होता, एक कुणाच्या तरी बारशाला शिवलेला होता, एक लग्नातला जरीकाठी होता. त्याचा कापूस इतका दबून घट्ट झाला होता की तो बोटानं कोरून काढावा लागला. आधार बाकावर पाठ करून बसला. केसरबाईनं उसवलेल्या जागी परत टीप मारून दिली. दीड तास गेला. त्या दीड तासात तीन गिऱ्हाइकं दारापर्यंत येऊन परत गेली.

सगळं झाल्यावर लिला पायरी चढून आत आली. तिनं गाठोडं बांधलं. बांधताना पदर सरकला आणि डावा खांदा दिसला, दोन बोटं खाली, जसा होता तसा. तिनं पदर वर ओढला नाही. आता ओढून काय करायचं होतं?

"लिला," अभिमन भाऊ म्हणाला. त्याला खूप बोलायचं होतं. मी खांद्याचं लिहिलं नव्हतं, मी सांगितलं नव्हतं, हातानं झालं, मला माफ कर, हे सगळं. पण तो टेबलावरचा कापूस गोळा करत राहिला.

तिनं त्याच्याकडे बघितलं. रागानं नाही. राग असता तर त्याला झेपला असता.

"मी बठ्ठा अंक ठेवेल शेतस, भाऊ," ती म्हणाली. "ट्रंकमा. अठरा. मायले म्हणू, देख, हाई पाचवी मीच शे, आम्हना गावना शिंप्यानं लिव्हेल शे. म्हणून तर सासूले दखाडाले लई उनी व्हती." तिनं गाठोड्याची गाठ घट्ट केली. "कागदवर व्हती तवपर्यंत मी बरी व्हती."

आधारनं गाठोडं उचललं. दोघं दाणाबाजारातून स्टेशनच्या रस्त्याला लागली, तो पुढं आणि ती चार पावलं मागं, वाकड्या खांद्यानं, भर बाजारातून. ओट्यावरच्या दोन बाया एकमेकींना कोपर मारून हसल्या. अभिमन भाऊ दारात उभा राहून बघत होता. केसरबाई आतून म्हणाली की कबूल केलेले सहा ब्लाउज आज द्यायचे आहेत, आत या. तो आत आला आणि मशीनवर बसला.